बंद म्हणजे बंद

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या छोट्याशा कंपनीत एक मालक होते, तीन मेकॅनिक होते आणि फोन उचलायला एक बाई होत्या. बाईंचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं उच्चारलं जाई. एरवी ग्राहकांपासून मालकांपर्यंत सगळे त्यांना तक्रारताई म्हणत. बावीस वर्षं त्या लोकांच्या तक्रारी ऐकत आल्या होत्या. फोन त्या बरोबर दुसऱ्या घंटीला उचलत. पहिल्याच घंटीला उचलला तर माणसाला वाटतं, या बसल्यात माश्या मारत. तिसरीपर्यंत थांबलं तर तो तापून लाल झालेला असतो. हे शास्त्र त्यांचं त्यांनीच शोधून काढलं होतं आणि त्यासाठी त्यांना कुणी प्रमाणपत्र दिलं नव्हतं. प्रमाणपत्रं पुढे मिळाली ती भलत्याच गोष्टीसाठी.

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. शहरातल्या चारशे लिफ्ट सांभाळणारी माणसं रोज धापा टाकत जिने चढून कामाला येत. याचं मालक सोडून सगळ्यांना हसू येई. खोली एकच. खिडकीशी मालकांचं टेबल, दाराशी तक्रारताईंचं, मधे जुन्या मोटारी, तारांची भेंडोळी आणि लिफ्टच्या दाराचं एक पान, जे गेली सहा वर्षं 'उद्या न्यायचं' होतं.

लिफ्टच्या धंद्यात जगाची विभागणी दोन शब्दांत होते. लिफ्ट चालू, नाहीतर लिफ्ट बंद. ग्राहक फोनवर रामराम करायच्या आधी म्हणतो, "बंद आहे." मेकॅनिक काम करून आला की एवढंच सांगतो, "चालू केली." आणि काम होण्यासारखं नसेल, धोका असेल, तर म्हणतो, "बंद ठेवलीय." पूर्वी तक्रारताईंच्या जाड वहीत याच दोन शब्दांचे दोन रकाने होते, बंद लाल शाईनं आणि चालू निळ्या. बंद ठेवलेली लिफ्ट दुरुस्त होऊन धावायला लागली की निळ्या शाईची नवी नोंद. वही उघडली आणि जिथे लाल आहे पण पुढे निळं नाही, तिथे बोट ठेवलं की समजावं, इथे काहीतरी राहिलंय.

नऊ वर्षांपूर्वी मालक कसल्याशा प्रदर्शनाला गेले आणि येताना एक कापडी पिशवी, दोन पेनं आणि एक सॉफ्टवेअर घेऊन आले. पिशवी लवकर फाटली, पेनं चालली नाहीत. सॉफ्टवेअर मात्र चिकटलं. "ताई, आता वह्या बंद," मालक म्हणाले. "आपल्या सगळ्या तक्रारी आता ढगात जाणार." ढगात जाणं म्हणजे काय, हे कुठल्याही मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तक्रारताईंच्या मनात आलंही की गेलेलं कुणी परत आल्याचं ऐकिवात नाही. पण मालकांच्या तोंडावर नव्या जावयासारखा आनंद होता, म्हणून त्या गप्प बसल्या.

शिकवायला एक गृहस्थ आले. चाळीस मिनिटं शिकवलं, त्यातली तीस मिनिटं भिंतीवर चित्र उमटवण्यात गेली. उरलेल्या दहात त्यांनी दाखवलं, की प्रत्येक तक्रारीपुढे 'स्थिती' नावाची एक चौकट आहे आणि तिच्यात निवडायला दोन शब्द आहेत. चालू आणि बंद.

तक्रारताईंना आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या यंत्राबद्दल माया वाटली. "बघा," त्या मेकॅनिकना म्हणाल्या, "ज्यानं हे बनवलं ना, त्याला लिफ्टमधलं कळतं."

बनवणाऱ्याला लिफ्टमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याचं म्हणणं होतं, तक्रार चालू आणि तक्रार बंद. म्हणजे भिजत पडलेली आणि निकालात निघालेली. पण हे त्यानं कुठे लिहिलं नव्हतं, कारण त्याला ते सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ वाटत होतं. आणि तक्रारताईंनी विचारलं नाही, कारण त्यांनाही तसंच वाटत होतं. दोन शहाणी माणसं एका शब्दावर एकमत झाली आणि नऊ वर्षं कुणाचं काही अडलं नाही.

अडलं नाही म्हणजे काय, उलट कौतुक झालं. कुठलीही लिफ्ट धोक्याची म्हणून बंद ठेवली की तक्रारताई चौकटीत 'बंद' करत, आणि सॉफ्टवेअरला वाटे, वा, आणखी एक काम फत्ते. एका वर्षी वीज खालीवर होऊन आठवड्यात तीस लिफ्ट बंद पडल्या. त्या महिन्याच्या अखेरीला कंपनीला 'तत्पर तक्रार निवारण' असं सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र आलं. मालकांनी ते चौकटीत बसवून भिंतीवर टांगलं. ज्या लिफ्ट धडधाकट धावत होत्या, त्यांच्या जुन्यानव्या नोंदी मात्र 'चालू' म्हणून रोज सकाळी यादीत उभ्या असत, हजारोंनी. तक्रारताई चहा पिताना ती यादी वरून खाली बघत आणि त्यांना बरं वाटे, की जग कसं छान चाललंय. बंद लिफ्ट त्या यादीत दिसत नसत. दिसायची गरजही नव्हती. लिफ्ट बंद पडलेला ग्राहक स्वतःच दर तासाला फोन करून आपली आठवण करून देतो.

कधीतरी एखादा ग्राहक म्हणे, "ताई, बंद झाल्याचं पत्र आलं हो तुमचं." ताई म्हणत, "हो, बंदच आहे ना." तो म्हणे, "बरं बरं." दोघंही समाधानानं फोन ठेवत. पत्र कोण पाठवतं हे ताईंना माहीत नव्हतं. त्यांना वाटे मालक पाठवत असतील. मालकांना वाटे ताई.

या तीन मेकॅनिकमधले जे सगळ्यात जुने, ते तक्रारताईंचे धाकटे दीर. त्यांनीच वहिनीला ही नोकरी लावली होती. एकाच घरात खाली तक्रारताई आणि त्यांचा शाळेतून निवृत्त झालेला नवरा, वर भाऊजी आणि जाऊबाई. भाऊजी बोलायला कंजूष. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात नाहीतर गच्चीवरच्या मशिनघरात डोकं घालून बसलेल्या माणसाला बोलायची सवय कशी राहणार? संध्याकाळी टेबलापाशी उभं राहून ते दिवसाचं काम सांगत आणि वहिनी टाइप करत. सांगतील तेवढंच टाइप होई, कानामात्रा न बदलता. ही त्या दोघांची पद्धत होती आणि तिच्यात बावीस वर्षांत चूक झाली नव्हती, असं दोघंही म्हणत.

मग तीन महिन्यांपूर्वी सॉफ्टवेअरवाल्यांचं एक पत्र आलं. मथळा होता, 'आपल्यासाठी आनंदाची बातमी'. ज्या पत्राचा मथळा असा असतो ते कुणीच वाचत नाही, आणि म्हणूनच वाईट बातम्या त्या मथळ्याखाली ठेवतात. तक्रारताईंनीही वाचलं नाही. वाचलं असतं तर कळलं असतं, की आपला अनुभव अधिक हलकाफुलका व्हावा म्हणून पुढील महिन्याच्या एक तारखेपासून बारा महिन्यांपूर्वीच्या सर्व बंद तक्रारी कायमच्या पुसण्यात येतील. चालू तक्रारींना धक्का लागणार नाही, निश्चिंत असावे.

एक तारीख आली आणि गेली. यादी सकाळी होती तशीच होती. नऊ तारखेला शहरातल्या एका सहा मजली इमारतीची लिफ्ट चौथ्या मजल्यावरून सुटली आणि घसरत पहिल्यावर येऊन आदळली. आत शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचा उजवा पाय घोट्यात मोडला. शिलाई मशिन चालवणाऱ्या बाईचा उजवा पाय म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

ती इमारत भाऊजींकडे होती. लिफ्ट निरीक्षकांच्या कचेरीतून पत्र आलं: मेकॅनिकनं देखभालीत हयगय केल्याचा सोसायटीच्या सेक्रेटरींचा आरोप आहे, परवाना रद्द का करू नये, सोमवारी नोंदींसह हजर राहावे. भाऊजींचा परवाना एकतीस वर्षांचा होता. त्या कागदावाचून त्यांना लिफ्टच्या दाराला स्क्रू पिळायचीही परवानगी नव्हती, आणि दुसरं काही त्यांना येत नव्हतं.

भाऊजी मात्र शांत होते. "वहिनी, ती नोंद काढा," ते म्हणाले. "चौदा महिने झाले असतील. ब्रेकचे लायनर संपलेत म्हणून मी सांगितलं होतं. लिफ्ट बंद ठेवली होती. तुम्ही टाइप केलंय."

"मला आठवतंय की," ताई म्हणाल्या. त्यांना अक्षरन् अक्षर आठवत होतं. त्यांनी इमारतीचं नाव घातलं. सॉफ्टवेअरनं अतिशय नम्रपणे सांगितलं, की काहीही सापडलं नाही. त्यांनी पत्ता घातला, भाऊजींचं नाव घातलं, तारीख घातली. मग नुसतं 'बंद' घातलं. शेकड्यांनी निघायला हव्या होत्या. गेल्या बारा महिन्यांतल्या तेवढ्या आल्या; त्यामागची आठ वर्षं कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून घ्यावी तशी स्वच्छ होती.

त्यांनी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. जन्मभर दुसऱ्या घंटीला फोन उचलणाऱ्या बाईला अठरा मिनिटं बासरी ऐकवण्यात आली. दर मिनिटाला एक आवाज सांगे, की आपला वेळ आम्हाला मोलाचा आहे. इतका मोलाचा, की सगळा स्वतःकडेच ठेवून घ्यावा. शेवटी एक गोड आवाजाच्या बाई आल्या. त्यांच्या हुद्द्याचं नाव होतं ग्राहक-आनंद सल्लागार.

ताईंनी सगळं सांगितलं.

"आपल्या भावना मी समजू शकते," सल्लागार म्हणाल्या. "पण मॅडम, त्या बंद तक्रारी होत्या."

"अहो, बंद होत्या म्हणूनच तर हव्यात. चालू घेऊन काय करू मी?"

"म्हणजे... मॅडम, चालू तक्रारींचं काम राहिलेलं असतं. बंद झाल्या म्हणजे काम झालेलं असतं."

"काम झालं की लिफ्ट चालू होते," ताई म्हणाल्या. "बंद म्हणजे बंद."

"नाही मॅडम. लिफ्ट नाही. तक्रार बंद."

ताईंनी पुढचं काही ऐकलं नाही. समोर भिंतीवर सोनेरी किनारीची सात प्रमाणपत्रं होती. त्यातल्या प्रत्येकाकडे त्यांनी एकदा बघून घेतलं.

"हॅलो? मॅडम? आपली योजना साधी आहे, तिच्यात बारा महिनेच मिळतात. सुवर्ण योजनेत सात वर्षं ठेवतो आम्ही. पुसलेलं परत आणता येत नाही, आमच्याकडेही नसतं. आम्ही आपल्याला तसं कळवलं होतं."

"आनंदाची बातमी म्हणून."

"हो मॅडम," सल्लागार खुलून म्हणाल्या. "आणि तशीही ग्राहकाला माहिती असतेच. आपण तक्रार बंद केली की आमच्याकडून त्यांना आपोआप पत्र जातं, आपली तक्रार बंद झाली आहे, आपण समाधानी आहात का."

"प्रत्येक वेळी जातं?"

"प्रत्येक वेळी. आणखी काही मदत करू शकते का? हे संभाषण दर्जा राखण्यासाठी नोंदवलं जातंय, सात वर्षं जपून ठेवतो आम्ही."

"म्हणजे मी तुमच्याकडे केलेली तक्रार सात वर्षं राहणार," ताई सावकाश म्हणाल्या, "आणि माझ्याकडे आलेल्या बारा महिन्यांत पुसणार."

"बरोबर समजलात मॅडम."

फोन ठेवल्यावर त्यांनी सॉफ्टवेअरवाल्यांचं ग्राहकांच्या शंकांचं पान उघडून पाहिलं. तिथे जगातले सगळे रडत होते. पंप दुरुस्त करणारा, दवाखान्यातल्या खाटा दुरुस्त करणारा, एक ग्रंथपाल. प्रत्येकाखाली उत्तर एकच होतं: आपल्या भावना आम्ही समजू शकतो. समजून घेण्याच्या बाबतीत ती कंपनी फारच उदार होती.

पण ताईंना दुसऱ्यांचं सुतक पाळायला वेळ नव्हता. नोंद गेली एवढंच नव्हतं. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे ताईंच्याच कंपनीचं पत्र पडलं होतं, की तक्रार मिटली. म्हणजे भाऊजींनी सांगितलेलं पुसलं गेलं होतं आणि ताईंनी न सांगितलेलं लेखी शिल्लक होतं. भाऊजींच्या गळ्याला फास लागला होता तो वहिनीच्या बोटांनी.

संध्याकाळी घरी त्यांनी वर जाऊन सगळं सांगितलं. लपवलं काही नाही. जाऊबाई भाजी निवडत होत्या, त्या निवडतच राहिल्या. "एकतीस वर्षं," त्या एवढंच म्हणाल्या आणि ताट घेऊन आत गेल्या. त्या दिवसापासून सोमवारपर्यंत जाऊबाईंनी त्यांच्याशी एक शब्द काढला नाही. जिन्यात भेटल्या तर भिंतीकडे बघत. ताईंना त्याचा राग आला नाही. त्यांना स्वतःचाच इतका आला होता की दुसऱ्याला पुरवायला उरला नव्हता.

भाऊजी खिडकीशी बसून होते. म्हणाले, "वहिनी, नऊ वर्षं मी बंद सांगत होतो आणि ते यंत्र काम झालं म्हणून लिहून घेत होतं?"

"हो."

"बरं," भाऊजी म्हणाले. कंजूष माणूस जेव्हा 'बरं' म्हणतो तेव्हा ते ऐकवत नाही.

खाली नवरा म्हणाला, "तू सरळ सांग की सॉफ्टवेअर बिघडलं. सॉफ्टवेअरवर काय, कुणीही विश्वास ठेवतं बिघडलं म्हटलं की." मालकांनीही शुक्रवारी हेच सांगितलं, जरा जास्त काळजीनं. "ताई, चूक आपली नाही, तांत्रिक आहे. तांत्रिक म्हटलं की पुढचा माणूस प्रश्नच विचारत नाही." प्रमाणपत्रं त्यांनी दरम्यान भिंतीवरून उतरवून कपाटामागे ठेवली होती.

सोमवारी निरीक्षकांच्या कचेरीत एका लांब टेबलाभोवती सगळे बसले. निरीक्षक बाई पन्नाशीच्या, नाकावर घसरलेला चष्मा, समोर फायलींचा डोंगर. सेक्रेटरी कडक इस्त्रीच्या शर्टात आले होते आणि त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद होता. दुसऱ्याच्या चुकीचा पुरावा माणूस स्वतःच्या लग्नाच्या फोटोपेक्षा जास्त जपतो.

"आम्ही सामान्य माणसं," सेक्रेटरी म्हणाले. "आम्हाला लिफ्टमधलं काय कळतं? या लोकांनी लेखी कळवलं, की तक्रार बंद झाली. आम्ही विश्वास ठेवला. आज एका बाईचा पाय गेला. हा बघा कागद."

त्यांनी तो मोठ्यानं वाचला. "आनंदाची बातमी. आपली तक्रार बंद करण्यात आली आहे. आपण समाधानी आहात का?" खाली पाच हसरे चेहरे होते. सेक्रेटरींनी तेव्हा पाचही चेहऱ्यांवर बोट ठेवून आपण अत्यंत समाधानी असल्याचं कळवलं होतं, तेही कागदावर छापून आलं होतं. भाऊजी टेबलाकडे बघत होते.

निरीक्षक बाईंनी कागद मागितला. त्यांची एक सवय होती. तीस वर्षं सरकारी कागद वाचून त्यांना कळलं होतं, की वर काय लिहिलंय याला अर्थ नसतो, सही कुणाची आहे ते आधी बघावं. त्यामुळे त्या प्रत्येक कागद खालून वर वाचत. हसऱ्या चेहऱ्यांच्याही खाली, कुणी वाचू नये अशा बारीक करड्या अक्षरांत, सॉफ्टवेअरनं मेकॅनिकची शेवटची नोंद आपोआप जोडली होती. निरीक्षक बाईंनी चष्मा वर सरकवला आणि वाचलं.

"ब्रेकचे लायनर संपलेत. नवे बसवल्याशिवाय लिफ्ट चालवू नये. सेक्रेटरीसाहेबांना समोर सांगितलं. म्हणाले, पुढच्या बैठकीत बघू. मेन स्विचला कुलूप लावलं. लिफ्ट बंद."

त्यांनी कागद आपल्या फायलीत सरकवला.

"हे आपणच आणलंत ना?" निरीक्षक बाईंनी विचारलं.

सेक्रेटरींनी हात पुढे केला, कागद परत मिळतो का बघायला. मिळाला नाही.

"मग कुलूप कुणी काढलं?"

सेक्रेटरी म्हणाले, विचारून सांगावं लागेल. कुणाला विचारणार होते देव जाणे. थोडं आणखी ताणल्यावर निघालं, की लिफ्टवाचून म्हाताऱ्या माणसांची कुरकुर सुरू झाली, तेव्हा कुणीतरी ओळखीचा इलेक्ट्रिशियन आणून कुलूप कापलं आणि लिफ्ट सुरू केली. पुढची बैठक अजून झालेली नव्हती. निरीक्षक बाईंनी भाऊजींच्या फायलीवर काहीतरी लिहिलं, फाइल मिटली आणि उजव्या बाजूच्या गठ्ठ्यावर टाकली. परवाना राहिला. भाऊजींनी श्वास सोडला तो ताईंना ऐकू आला आणि त्यांना तिथेच रडू कोसळलं. पदरानं डोळे पुसत त्या उठायला लागल्या.

"थांबा," निरीक्षक बाई म्हणाल्या. "एक कळलं नाही. खाली लिहिलंय लिफ्ट बंद, वर लिहिलंय तक्रार बंद झाली. हे कसं?"

"तांत्रिक बिघाड," मालक लगेच म्हणाले. "सॉफ्टवेअर हो. त्या लोकांचं काही विचारू नका."

निरीक्षक बाईंनी मान हलवली. पेनाला टोपण लावलं. प्रकरण तिथे संपलं होतं, आणि तक्रारताई हसतमुखानं घरी जाऊन जाऊबाईंच्या हातचा चहा पिऊ शकल्या असत्या.

"बिघाड नाही," त्या म्हणाल्या. "मी केलंय ते. मला वाटायचं, चौकटीतलं बंद म्हणजे लिफ्ट बंद. ते निघालं तक्रार बंद. नऊ वर्षं मी तसंच करत होते."

मालकांनी छताकडे पाहिलं. निरीक्षक बाईंनी टोपण पुन्हा काढलं. पण त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला, जो त्या दहा दिवसांत नवऱ्यानं, मालकांनी, जाऊबाईंनी, खुद्द ताईंनीही विचारला नव्हता.

"म्हणजे अशा आणखी किती लिफ्ट आहेत?"

कार्यालयात परत आले तेव्हा दुपार झाली होती. मालक जेवायला गेले. ताईंनी संगणक लावला, मग बंद केला. त्याच्यात हजारो 'चालू' नोंदी होत्या आणि त्यांचा काही उपयोग नव्हता. त्यांनी कोरा कागद घेतला. भाऊजींनी खिशातून किल्ल्यांचा एक जुडगा काढून टेबलावर ठेवला. लिफ्ट बंद ठेवली की ते मेन स्विचला कुलूप लावत आणि किल्ली जुडग्यात अडकवत. दुरुस्ती झाली की कुलूप परत येई आणि किल्ली त्याच्यासोबत डब्यात जाई. जुडग्यात उरलेल्या किल्ल्या म्हणजे न परतलेली कुलपं.

"त्या पडलेल्या लिफ्टची बाजूला काढून चौदा आहेत," भाऊजी म्हणाले.

"आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"बोललो होतो की, प्रत्येक वेळी. तुम्ही टाइप केलंत." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मला वाटलं, तुम्ही मागे लागला असाल. तुमच्या पद्धतीनं."

ताईंनी मान खाली घालून कागदावर एक आकडा घातला. भाऊजी एकेक किल्ली सरकवत बोलू लागले. ज्या लिफ्टला त्यांनी स्वतःच्या हातानं कुलूप घातलं होतं, ती त्यांना मशिनघराच्या वासासकट आठवत होती. गोदामाची मालवाहू, दोर उसवलेला. दवाखान्यामागची, दाराचं लॉक लागत नव्हतं. दोन बंधूंच्या भांडणातली ती चार मजली इमारत. एक, दोन, पाच, नऊ. ताई लिहीत होत्या, सांगतील तेवढंच, कानामात्रा न बदलता. तेराव्या किल्लीनंतर भाऊजी थांबले.

चौदावी त्यांनी उचलली, उलटीपालटी केली, उजेडात धरली. सगळी कुलपं डझनावारी एकाच दुकानातून आणलेली. किल्ल्या हुबेहूब एकसारख्या.

"ही कुठली?" ताईंनी विचारलं.

"तेच बघतोय."

"पूर्वी तुम्ही चिठ्ठी बांधायचात ना किल्लीला? इमारतीचं नाव लिहून?"

"बांधायचो," भाऊजी म्हणाले. "तुम्हीच म्हणालात वहिनी, चिठ्ठ्या कशाला आता, सगळं नोंदलेलं असतं."

ताईंनी कागदावर चौदा लिहिलं आणि पुढची ओळ रिकामी सोडली. भाऊजी डोळे मिटून बसले. शहरातल्या एकेका रस्त्यावरून मनातल्या मनात चालत जाऊन ते एकेक जिना चढत असावेत. पाच मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले आणि नकारार्थी मान हलवली.

"भाऊजी," ताई हळूच म्हणाल्या, "ती लिफ्ट अजून बंदच असेल ना?"

"बंद असती तर फोन आला असता, वहिनी."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोन वाजला नाही.